दादांच्या गळ्यावरचा अंगठा

"गळ्यावरचे हात काढा," सोमाजी म्हणाले. "अन् जीभ आत घाला."

मी स्क्रीनकडे पाहिलं. अड्याळला माझा फोटो स्टुडिओ आहे. श्रद्धांजलीच्या फोटोंत नाही नाही त्या दुरुस्त्या केल्या आहेत. पण जीभ आत घालायची ऑर्डर पहिलीच.

फोटो त्यांच्या गावच्या नाटकातला होता. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. सोमाजींचे मोठे भाऊ शिवराम त्यात इन्स्पेक्टर, म्हणजे हिरो. सोमाजी व्हिलन. फोटोत व्हिलन दोन्ही हातांनी हिरोचा गळा आवळतो आहे. हिरोचे डोळे बाहेर, जीभ बाहेर, डोक्यावर पोलिसी टोपी. हे शिवरामदादा नुकतेच वारले होते आणि दुसऱ्या दिवशी त्यांची तेरवी होती.

"दुसरा फोटो नाही?"

"माह्यापाशी हाच. या नाटकापासूनच आमचं बोलनं बंद हाय."

भांडणाचं कारण ऐकून मी तोंडावर रुमाल धरला. शेवटच्या अंकात व्हिलनने गोळी लागून मरायचं होतं. सोमाजी मेले, तर टाळ्या पडल्या. म्हणून ते उठून पुन्हा मेले. लोकांनी शिट्ट्या मारल्या, तर आणखी एकदा उठले. तिकडे हिरोचं शेवटचं भाषण खोळंबलेलं. शिवरामदादांनी चिडून पडद्याची दोरी सोडली. पडदा सोमाजींच्या अंगावर आला आणि अख्खं गाव हसलं. त्यानंतर दोघांच्या सामाईक अंगणात मधोमध काट्यांचं कुंपण उभं राहिलं. हसणारे घरी गेले, कुंपण तिथंच राहिलं.

"मले नीट मरू देलं नाही त्यानं," सोमाजी म्हणाले. "अन् सोता पाहा, कसा चुपचाप गेला. मले सांगलं बी नाही."

मग ते माझ्या काउंटरवर डोकं टेकून रडले. मी रुमाल त्यांना दिला.

"तेरवीचं बोलावनं नाही मले," ते म्हणाले. "न्हावी सांगत होता, वहिनीपाशी फक्त आधार कार्डाचा फोटो हाय. त्यात दादा चोरावानी दिसते. चांगला फोटो गेला, तर मले दारातून वापस तरी नाही पाठवनार."

मी कामाला लागलो. आधी कटिंग, म्हणजे माणूस मागच्या देखाव्यातून सोडवून घेणं. टोपी आणि वर्दी गेली. त्याजागी कोट-टाय. हा कोट माझ्या कॉम्प्युटरमध्ये कायम असतो. जन्मभर बंडी घातलेली माणसं माझ्याकडून कोट घालूनच जातात. पंचक्रोशीतले निम्मे पूर्वज त्याच एका कोटात आहेत. बाहेर आलेल्या डोळ्यांवर चष्मा चढवला.

जीभ काही आत जाईना. शेवटी युक्ती सुचली. भावाभावांची तोंडं सारखीच. सोमाजींना स्टुलावर बसवलं. त्यांचा फोटो काढायचा आणि त्यांचं तोंड दादांना लावायचं.

"ओठ मिटा. थोडं हसा."

ते हसायला गेले की ओठ थरथरायचे. बऱ्याच क्लिकनंतर एक बरा मिळाला.

राहिला गळा. कपाळाची कातडी कॉपी करून गळ्यावर चिकटवली. याला क्लोन करणं म्हणतात. हात गेले, पण डाव्या बाजूचा अंगठा निघेना. तो पुसला की हनुवटी जायची.

"राहू द्या," सोमाजी म्हणाले. "हार येईल वरून. कोनाले दिसते?"

दुसऱ्या दिवशी मीच हार घातलेली फ्रेम घेऊन गेलो. सोमाजी हापशीपाशी थांबले. आत यायची हिंमत होईना. माझं नाव सांगू नका, एवढंच म्हणाले.

वहिनींनी फ्रेम मांडीवर घेतली. बराच वेळ पाहिलं.

"यायले चष्मा कवा लागला?"

मी हाराची गाठ पुन्हा पुन्हा बघत बसलो.

"तोंड यायचं नाही. सोमाभाऊजीचं हाय." मग त्यांनी हार वर उचलला. "अन् हा अंगठाबी त्याचाच."

मी घाबरलो. घरभर पाहुणे. वहिनींचा पदर तोंडाशी गेला, खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडताहेत. त्या हसत होत्या. हसता हसता मग रडल्या.

"दरसाल मंडईच्या नाटकाले आमचे हे घरीच बसत," त्या म्हणाल्या. "म्हनत, त्या दिवशी पडदा पाडाले नोको होता मी. मरू द्याचं होतं पोट्ट्याले, किती खेपा मरतो ते. पन बोलाले कुंपनापाशी गेले का वापस येत."

"मग बोलावणं का नाही केलं?" मी विचारलं.

"सख्ख्या भावाले बोलावनं लागते का? मी पयल्या दिवसापासून वाट पाहून रायली." त्यांनी डोळे पुसले. "कोठी हाय तो?"

"हापशीवर."

"जा. त्याले म्हना, पडदा उघडला. आता ये."

मी निरोप दिला. सोमाजी दाराकडे गेले नाहीत. ते सरळ अंगणातल्या कुंपणातून घुसले. सदरा फाटला, काटे लागले. दादांच्या फोटोसमोर जे पडले, ते कितीतरी वेळ उठले नाहीत. या खेपेला कोणी शिट्टी मारली नाही.

माझी फ्रेम दुसऱ्याच आठवड्यात परत आली. वहिनींना मूळ फोटो मोठा करून हवा होता, जिभेसकट. आता त्यांच्या ओसरीवर हार घातलेले शिवरामदादा आहेत आणि त्यांचा गळा दाबणारे सोमाजीही आहेत. नवीन पाहुणा चहा अर्धाच पितो.

तेव्हापासून मी एक नियम केला आहे. कोणाचाही हात कापण्याआधी विचारतो, हातवाला जिवंत आहे का. असला तर आधी त्याला मेलेल्याच्या घरी पाठवतो. फोटो नंतरही बनवता येतो.