मनोऱ्यावरचे पारवे

बागेत झाडलोट करणाऱ्या बाईंना सगळे ‘नाकवाल्या काकू’ म्हणत. बागेतल्या नगरपालिकेच्या जुन्या इमारतीत कुठला गालिचा कुबट झालाय, कुणाच्या खणात डबा विसरलाय, हे त्या दारातूनच सांगायच्या. नवरा गेल्यावर धाकट्या दिरानं त्यांना इथं चिकटवलं होतं. दीर त्याच इमारतीचा रखवालदार.

इमारतीला शंभर वर्षं झाली, म्हणून समारंभ ठरला. दगडी भिंती घासून झाल्या, कारंजं रंगवून झालं. मनोऱ्यावरचे पारवे मात्र काही केल्या हटेनात. पाहुण्यांच्या डोक्यावर शिटले म्हणजे? नगरपालिकेच्या साहेबांनी हुकूम सोडला आणि दिरानं दाण्यांत विष कालवलं.

समारंभाच्या सकाळी काकू बागेत आल्या, तर हिरवळीवर, बाकांखाली, कारंज्याच्या पाण्यात नुसते पारवेच पारवे. काही मेलेले, काही चोचीतून फेस गाळत तडफडणारे. झुडपाआड जाऊन काकू भडाभडा ओकल्या.

दीर पोती घेऊन धावत आला. “वहिनी, आवरा लवकर. कुंपणामागे टाका, पाहुणे गेले की बघू.”

“आणि हे जिवंत आहेत ते?”

“तेही भरा. मरतीलच की आत.”

काकूंनी मेलेले तेवढे भरले. जिवंत होते ते उचलून सावलीत ठेवले, चोचीत पाण्याचे थेंब सोडले. एकही वाचला नाही.

दुपारी पोत्यांवर माश्या घोंघावू लागल्या. वारा फिरला आणि ती घाण थेट जेवणाच्या तंबूत शिरली. साहेब शहराच्या स्वच्छतेवर बोलत होते. पाहुणे एका हातानं नाकाला रुमाल धरून दुसऱ्या हातानं ताटातलं चिवडत होते.

भाषण संपताच साहेबांनी काकूंना बोलावून अत्तराची बाटली पुढे केली. “तिकडे जरा शिंपडा.”

काकूंनी बाटली घेतली नाही. “मला किळस आलीय, साहेब. पण ती पारव्यांची नाही.”

आजूबाजूच्यांचे घास तोंडात तसेच राहिले.

दुसऱ्या दिवशी काकूंची बदली बाजारातल्या मुताऱ्यांवर झाली. संध्याकाळी दीर घरी आला. “माफी मागून टाका, वहिनी. एवढं काय झालं? पाखरंच तर होती!”

“भाऊजी, आत येऊ नका,” काकू म्हणाल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

बाजाराचा जवळचा रस्ता बागेतून जायचा. काकू निवृत्त होईपर्यंत लांबच्या रस्त्यानं गेल्या.