सुखदेवकाकांचं छप्पर

आमचं जुनं घर पाडायला काढलं, त्या सकाळी पहिली कुदळ पडायच्या आत सुखदेवकाका सायकल घेऊन दारात हजर होते. नवं घर केवढं बांधता, खोल्या किती, काही विचारलं नाही. मान वर करून छपरावरच्या कौलांकडे पाहत म्हणाले, "कवेलू फेकू नोको बाप्पा. मले पायजेत." गावात कुणाचंही घर स्लॅबसाठी पाडायला निघालं की काका असेच उगवायचे. जऊळक्याकडच्या कुंभारांनी कवेलू भाजणं कधीच सोडलं होतं. मग काकांनी पडक्या घरांचे कवेलू सुतळीने कॅरिअरला बांधून न्यायचे आणि घरामागे रचून ठेवायचे, हा त्यांचा उद्योग.

हे सगळं वानरांपायी. बाकी गावाने स्लॅब टाकले. उरलं ते काकांचं कवेलूचं घर आणि त्यामागची चिंच. वानरांचं टोळकं चिंचेवरून थेट छपरावर उडी घ्यायचं आणि प्रत्येक उडीला चार-दोन कवेलू खलास. काका उन्हाळाभर छप्पर फेरायचे, म्हणजे फुटके काढून धड बसवायचे, वर बोरीच्या काट्या पसरायचे. टोळकं दोन दिवस लांबून बघायचं, मग काट्या बाजूला सारून तीच उडी. पावसाळ्यात गिरजाकाकूंची भांडी चुलीवर कमी आणि गळतीखाली जास्त असायची. "एक पावसाया कोरडा जाऊ द्या," काका चिंचेकडे पाहून म्हणायचे, "मंग नाचा माया डोक्श्यावर."

खरं सांगायचं तर मला वानरांपेक्षा गावाचाच जास्त राग यायचा. वानरांवर दगड मारायला काकांनी गुलेर उचलली रे उचलली की शेजारचे रामभाऊ आपल्या स्लॅबवरून हात जोडायचे. "काका, मारुतीराया हाय तो."

"मंग ने ना तुया घरी. तुयं त् काही फुटत नाही." हे काकांचं ठरलेलं उत्तर होतं. रामभाऊंचं हात जोडणं मात्र काही थांबलं नाही.

एका शनिवारी टोळक्यातला मोठा हुप्प्या विजेच्या तारेला चिकटला आणि नेमका काकांच्या अंगणात पडला. बघता बघता गुलाल आला, हार आले, भजनी मंडळ आलं. अंगण काकांचं, म्हणून अंत्ययात्रेत मडकंही काकांनीच धरायचं, असं रामभाऊंनी परस्पर ठरवून टाकलं. काका भडकले. "जितेपनी यानं माये कवेलू फोडले, आता मडकं मीच धरू? मी का त्याचा पोरगा हाय?" पण सगळं गाव दारात उभं. काकांनी मडकं धरलं. तेरवीची पंगतही त्यांच्याच अंगणात उठली.

त्या दिवसापासून काकांची गुलेर खुंटीला लागली. ज्याचं मडकं धरलं त्याच्या गोतावर दगड कसा उचलता, असं गाव म्हणू लागलं, आणि कहर म्हणजे काकांना ते पटलं. मग ते नुसते बोलायचे. चिंचेखाली उभे राहून, भावकीत भांडावं तसं. "तुया बापाची तेरवी केली मी. काही लाज धर." मला हसूही यायचं आणि संतापही. एकदा म्हटलं, काका, सरळ टिनं टाका.

"टिनाखाली तुई काकू उन्हाळ्यात शिजून जाईन. आन् हे वरून ढोल वाजोतीन," ते म्हणाले.

यंदा पावसाळ्याच्या तोंडावर अंगात ताप असताना काका काट्या पसरायला वर चढले. उतरले ते खाटेवर पडले आणि त्यातच गेले. छप्पर मात्र पूर्ण फेरून झालं होतं.

दहाव्याला गावामागच्या नाल्याकाठी पिंड ठेवला. कावळा शिवेना. कुणी लेकीचं नाव घेतलं, कुणी वावराचं. कावळा फांदीवरून हलायला तयार नाही. शेवटी काकू पुढे झाल्या, हात जोडून म्हणाल्या, "घर गयू देनार नाही जी. कवेलू फुटू देनार नाही."

तेवढ्यात झाडावरून एक वानर उतरलं, पिंड उचलला आणि चालू पडलं.

रामभाऊंचे हात जोडलेलेच. "पाहा, मारुतीरायानं सोता घास नेला."

काकू पदर सावरत उठल्या. "मारुती नोहे, तेच टोयकं हाय," त्या म्हणाल्या. "घरी कोनी नाही. कोनीतरी जाऊन कवेलू पाहा."

मी गेलो. काकांच्या खाटेच्या बरोबर वरचे कवेलू फुटले होते आणि खाटेवर ऊन पडलं होतं. मागच्या ढिगातून धड कवेलू काढले, तर ते आमच्याच जुन्या घराचे निघाले. चढलो, बसवले, काट्या ओढून घेतल्या. शिडीवरून खाली पाय टेकला आणि चिंच हलली.

"काकाची तेरवी तरी होऊ द्या बे," मी वर पाहून म्हणालो.