भाऊंनी हरलेली निवडणूक

भाऊ मयेकरांची आणि माझी ओळख भांडणातून झाली. खाडीपलीकडच्या शाळेत मी मुख्याध्यापिका म्हणून नुकतीच रुजू झाले होते. पहिल्याच सकाळी होडीत पाऊल टाकले आणि चपला पाण्यात गेल्या. तळाशी घोटाभर पाणी होते आणि मासे विकायला निघालेल्या बाया ते करवंट्यांनी उपसत होत्या. मी चढ्या आवाजात विचारले, "या होडीचा मालक कोण?"

"मालक खंयचो, बाय?" त्यांच्यातली शेवंता म्हणाली. "सोसायटीची होडी ही. चेरमन थंय बसलेत, छत्री घेवन."

टोकाला बसलेले गृहस्थ उठून उभे राहिले. "मी गोविंद मयेकर. तुम्ही शाळेच्या नव्या बाई ना? पाय वर घ्या. पोचू आपण."

"कशावरून?" मी विचारले.

भाऊ छत्री सावरत पुन्हा जागेवर बसले. त्यांनाही खात्री नव्हती, हे मला पुढे कळले.

भाऊंना यंदा पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांचे मोठे काम सर्वांना ठाऊक आहे. मुंबईची नोकरी संपवून ते गावी आले, तेव्हा खाडीवरची तर, म्हणजे होडीची ने-आण, एका ठेकेदाराच्या हाती होती आणि तो मनाला येईल ते भाडे घेई. भाऊ घरोघर फिरले, लोकांना शेअर घ्यायला लावले आणि होडी गावाची केली. एकदा मामलेदारांचा शिपाई "साहेब येताहेत, होडी थांबवा" असे सांगत धावत आला, तेव्हा वेळ झाली म्हणून भाऊंनी होडी सोडायला लावली. माझी आई अत्यवस्थ होती, तेव्हा मात्र उधाणात हेच भाऊ स्वतः पलीकडे जाऊन डॉक्टरांना घेऊन आले. डॉक्टरांच्या बॅगेवर छत्री आणि स्वतः चिंब, असे ते माझ्या दारात उभे होते.

पण या सोसायटीत एक खोट होती. शेअर घरच्या पुरुषाच्या नावे, आणि पुरुष मुंबईला. परगावच्या सभासदाने आपले मत मुखत्यारपत्राने दुसऱ्याकडे द्यावे, अशी पोटनियमांत सोय होती. भाऊंवर साऱ्यांचा विश्वास, म्हणून ती पत्रे भाऊंच्याच नावे येत. वार्षिक सभेत भाऊ आपली कापडी पिशवी टेबलावर ठेवीत आणि निवडणूक तिथेच संपे. नव्या होडीचा ठराव दर वर्षी येई आणि पडे. तिच्यासाठी प्रत्येक सभासदाला वर्गणी द्यावी लागणार होती, आणि गणपतीला एकदाच होडीत बसणाऱ्यांना ती नको होती.

"पाणी उपसूक आमी, नि मत देवक मुंबयकार," शेवंता होडीत मोठ्याने म्हणे. "बुडतला कोण, ता तरी इचारा एकदा!"

हे सांगायला मी भाऊंच्या घरी गेले. ते शांतपणे म्हणाले, "बाई, त्या लोकांनी विश्वासाने मत माझ्याकडे दिले आहे. त्यांच्या मनाविरुद्ध वापरले तर ती चोरी होईल."

"आणि होडी बुडाली तर?"

वहिनी चहा ओतता ओतता थांबल्या. भाऊ म्हणाले, "होडीत नसलो, तर ती पलीकडे लागेपर्यंत मी रोज सकाळी ओटीवर उभा असतो. तुम्हाला काय वाटले, हवा खायला?"

त्याच आषाढात खाडीच्या मध्यावर होडीची एक फळी सुटली. मी होडीत होते. टोपल्या पाण्यात फेकल्या, शेवंताने डोईवरची चुंबळ फटीत कोंबली, आणि कशाबशा आम्ही परत काठाला लागलो. कुणी दगावले नाही. भाऊ कमरेएवढ्या पाण्यात येऊन उभे होते. एकेकीला हात देऊन त्यांनी उतरवले.

पुढच्या सभेआधी त्यांनी प्रत्येक मुखत्यारपत्र टपालाने परत केले. सोबत दोन ओळी होत्या: "तुमचे मत तुम्हाला परत करीत आहे. सभेला स्वतः यावे." मग ते कलम रद्द करण्याचा आणि रोज होडीत बसणाऱ्या बायांना त्यांच्या स्वतःच्या नावे सभासद करून घेण्याचा ठराव त्यांनीच मांडला. हजर असलेल्यांनी तो मंजूर केला. मुंबईहून त्यांना विश्वासघातकी म्हणणारी पत्रे आली. सख्ख्या भावाने त्यांच्या घरच्या गणपतीला येणे सोडले.

निवडणूक ठरली. पुष्कळ बायांना वाचता येत नव्हते, म्हणून रॉकेलचे दोन डबे घासूनपुसून पडद्याआड ठेवले. एकावर छत्रीचे चित्र, ते भाऊंचे. दुसऱ्यावर वल्ह्याचे, ते त्यांच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या बाबल तांडेलांचे. नवी होडी बांधेन, वर्गणी कडक वसूल करीन, एवढेच बाबल सांगत होते.

त्या दिवशी सभेची वेळ झाली तरी बाया बाजारातून परतल्या नव्हत्या. वारा पडला होता, ओहोटी लागली होती, आणि त्या येणार होत्या त्याच जुन्या होडीतून, सगळ्या एकाच खेपेत. मी धक्क्यावर जाऊन उभी राहिले. मतांचा विचार तेव्हा माझ्या मनात नव्हता.

भाऊंच्या बाजूचे लोक मागून ओरडत होते. "भाऊ, वेळ झाली, सुरू करा! त्या सगळ्यो वल्ह्याक घालतल्यो!"

"होडी दिसतासा," भाऊ म्हणाले. "ती लागासर सभा सुरू होवची नाय." आणि ते माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. त्या होडीतून आपला पराभव येतो आहे, हे त्यांना माहीत होते. तरी ती नीट लागावी म्हणून त्यांचे ओठ हलत होते.

होडी लागली. बायांनी टोपल्या बाहेर ठेवल्या, हात पदराला पुसले आणि मते दिली. भाऊ पडले. निकाल त्यांनीच वाचून दाखवला आणि खुर्ची बाबलांना दिली. बाहेर पडताना मी म्हणाले, "भाऊ, मी वल्ह्यात टाकले."

"सांगताय कित्याक?" भाऊ कडाडले. "गुप्त मतदान, गुप्त मतदान म्हणान मी घसो सुकवलंय तो उगीच?"

वर्षाच्या आत नवी होडी आली. तिच्या पहिल्या खेपेला भाऊ छत्री घेऊन नेहमीच्या जागी बसले होते.

हे सारे आज लिहिण्याला कारण आहे. ती होडी आता नवी राहिलेली नाही. गेल्या आठवड्यात पुन्हा माझी पावले भिजली. येत्या सभेत निवडणूक आहे, आणि भाऊंच्या पंचाहत्तरीचा मान म्हणून ती बिनविरोध करावी, असे आपल्या गौरव समितीत घाटते आहे. नावे आधीच ठरली आहेत म्हणे. दुरुस्तीचे काय, असे विचारले तर "शुभ प्रसंगी वाद नको" असे उत्तर मिळाले. हेतू चांगला असेल. मला मात्र त्या दिवसापासून होडीत बसले की नजर तळाशीच खिळते. करवंट्या पुन्हा बाहेर निघाल्या आहेत. शेवंता आता थकली आहे, तिची सून उपसते.

भाऊंचा मान करायचा असेल तर त्यांच्यासमोर डबे मांडा. आणि भाऊंना माझी विनंती अशी की, प्रकृती साथ देत असेल तर त्यांनी स्वतः अर्ज भरावा, म्हणजे ठरलेल्या नावांसमोर एक नाव उभे राहील आणि बिनविरोधचा प्रश्नच उरणार नाही. त्यांना निरोगी आणि दीर्घ आयुष्य लाभो. रोज सकाळी होडी पलीकडे लागेपर्यंत ओटीवर उभे राहण्याइतके बळ त्यांच्या पायांत राहो. आम्हांला त्याची गरज आहे. मतदानाच्या दिवशी मी धक्क्यावर असेन. मत छत्रीला की आणखी कुणाला, ते पडद्याआड गेल्यावर ठरवीन, आणि या खेपेस भाऊंना सांगणार नाही.