मिऱ्याचं पाणी

पाटलाच्या बहिणीने विटेच्या तुकड्याची धार बोटाने तपासली. विळा तपासावा तशी. मग ती दोन गड्यांना म्हणाली, "धरा रे त्याले. हालू देवानं नही."

एकाने माझे केस धरले, एकाने हात. पाठ गोठ्याच्या खांबाला. तिने माझ्या गालावर वीट घासली. तव्याची काजळी काढतात तशी, गोल गोल. पुटकुळ्या फुटल्या. पू, रक्त, विटेचा भुगा, सगळं हनुवटीवरून ओघळलं. मग तिने पितळी घंगाळातलं पाणी माझ्या तोंडावर ओतलं. तिच्या भाच्याने तोंड धुतलेलं पाणी. त्याच्या तोंडाला मिऱ्याचा लेप असायचा. मिरी उघड्या मांसात शिरली.

मी ओरडलो नाही. दात आवळले.

"देखा, याले काहीच होत नही," ती गड्यांना म्हणाली. "ह्या लोकेसनी कातडी जाड ऱ्हास."

हे कशासाठी, ते सांगतो.

शहाद्याजवळचं गोमाईकाठचं गाव. राज्य गोऱ्या साहेबाचं. पण ते लांब. जवळ पाटील. कापूस पाटलाचा, विहीर पाटलाची, बैलांची दमणी पाटलाची. माझा बाप त्याचा सालदार, म्हणजे वर्षाच्या कराराने बांधलेला गडी. आम्ही भिल्ल. तोरणमाळच्या पायथ्याहून पोटासाठी खाली उतरलेले. पाटलाचा मुलगा आणि मी एका वयाचे, एका वर्गातले. तो पुढे गादीवर बसायचा, मी दाराशी. मिसरूड फुटायच्या सुमाराला दोघांच्याही तोंडावर पुटकुळ्या आल्या. कपाळ, गाल, मानेपर्यंत. जुन्या बसल्या की नव्या उठायच्या. एवढी एक गोष्ट आमच्यात सारखी होती.

त्याच्यासाठी वैद्य आला. चांदीच्या मुठीची काठी, खांद्यावर उपरणं. डोळे मिटून त्याने एक श्लोक म्हटला आणि निदान केलं, "ही तारुण्यपीटिका. तेजस्वी कुळात पित्त अंमळ चढच असतं." पाटलाने मान डोलावली. क्षणभर त्याला त्या पुटकुळ्यांचा अभिमानच वाटला असावा. मी वैद्याच्या दमणीचे बैल सोडत होतो. पाटलाने माझ्याकडे बोट करून विचारलं, "आन हाई काय शे?"

वैद्याने डोळे पुरते उघडलेही नाहीत. "ही घाण. आंघोळ नाही, दुसरं काय."

त्याच पुटकुळ्या. त्याला संस्कृत नाव मिळालं, मला शिवी.

माझी आई, आम्ही तिला याहा म्हणतो, कडुलिंबाची साल उकळून त्या पाण्याने माझं तोंड धुवायची. बऱ्या व्हायच्या नाहीत. आग थांबायची. वैद्याच्या लेपाने पाटलाच्या पोराची आगही थांबत नव्हती.

त्यातच त्याचं लग्न ठरलं. मुलीकडचे तापीकाठचे, तालेवार. ते मुलगा पाहायला येणार होते. पाटलाच्या बहिणीला उतारा सुचला. लोक चौकात नारळ-लिंबू ठेवतात. जो ओलांडेल त्याच्या अंगावर पीडा जाते म्हणतात. तिचा चौकावर भरवसा नव्हता. तिला नेमकं माणूस हवं होतं. ती म्हणाली, "ज्याले आधीच शे, त्याना आंगवर टाकी द्या. त्याले काय फरक पडस?"

बापाला कुणी विचारलं नाही. सांगितलं. बाप मला म्हणाला, "पानीच शे भो. उभा ऱ्हाय."

मी उभा राहिलो. रोज सकाळी पाटलाचं पोर तोंड धुणार, ते पाणी माझ्यावर. पुसायचं नाही, वाळू द्यायचं. तसाच शाळेत जायचो, लेपाचे ओघळ गालावर घेऊन. मास्तर म्हणायचे, "या, रंगपंचमी खेळून आलात वाटतं." वर्ग हसायचा. पाटलाचं पोरही हसायचं. लेप त्याचाच होता.

त्याच्या पुटकुळ्या काही उतरल्या नाहीत. तेव्हा तिने ठरवलं, माझी कातडी पाणी आत घेत नाही. म्हणून वीट.

पाहुणे यायचे त्या सकाळी गडी ओसरीवर जाजम अंथरत होते. परसात आम्ही तिघंच. नवरदेव पाटावर, पुढ्यात घंगाळ. माझ्या गालांवर खपल्या धरल्या होत्या. तिने वीट उचलली. तो तोंड पुसत आत्याला म्हणाला, "फुई, आज जोरमा घस. पाव्हना येतीन."

रागाने नाही म्हणाला. चहात साखर जरा जास्त घाल, तसं म्हणाला.

मी तिच्या हातातून वीट हिसकली. त्याचे तेल लावलेले केस मुठीत धरले, तोंड घंगाळात दाबलं, बाहेर काढलं, आणि घासलं. एकच गाल. गोल गोल. मिऱ्याच्या पाण्यात पुन्हा बुडवलं.

तो किंचाळला. "माय वं! मरी गऊ!" गोठ्यातल्या बैलांनी दावी ताणली. वेशीत शिरलेल्या पाहुण्यांच्या दमण्या जागीच थांबल्या.

मीही थांबलो. दया आली म्हणून नाही. आश्चर्याने. हे एवढं दुखतं? मग माझ्याशी काय चाललं होतं?

पुढे गड्यांनी मला पराणीने, बैल हाकायच्या काठीने, मारलं. पराणी मोडली तेव्हा जोखडाच्या खिळीने. डाव्या कानाने मला तेव्हापासून ऐकू येत नाही. बापाने पागोटं पाटलाच्या पायावर ठेवलं. पाटील म्हणाला, "नाक घस." बाप वाकला.

"बा, ऊठ," मी म्हणालो. तोंडात रक्त होतं, पण आवाज निघाला.

बाप उठला नाही. याहा उठली. तिने मला खांद्याशी धरलं आणि आम्ही दोघं डोंगराच्या वाटेला लागलो.

लग्न झालं म्हणे. नवरदेव गालाला फडकं बांधून बोहल्यावर चढला. वैद्याने त्या जखमेलाही एखादं तेजस्वी नाव दिलं असेल.

मी दुसऱ्या गावी शिकलो, मास्तर झालो. पुटकुळ्या तिशी उलटली तरी गेल्या नाहीत. पुढे वैद्यकाचे जुने ग्रंथ मिळवून वाचले. मिऱ्याचा लेप त्यांत आहे. वीट नाही. सालदाराचं पोर तर कुठेच नाही. दवाखान्यातल्या गंधकाच्या मलमाने थोडा गुण आला. ते देणाऱ्या डॉक्टरने हात पुढे करून विचारलं होतं, "पाहू का?" आणि मी हो म्हणेपर्यंत तो थांबला होता. माझ्या तोंडाला हात लावण्याआधी विचारणारा तो पहिला माणूस.

गालावर खड्डे आहेत. असू देत.

मी गप्प राहिलो, त्याला त्यांनी जाड कातडी म्हटलं. आता माझ्यावर, माझ्या पोरांवर, कुणाच्याही पोरावर हात उठला तर मी आधी ओरडणार. वेशीपर्यंत ऐकू जाईल असं. आणि तरी हात खाली आला नाही, तर वीट मी उचलेन. एका गालावर थांबणार नाही.