चाक फिरवण्याआधी बाहेर क्लिक करा

ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात चार वर्षं बसलं की किस्से आपोआप साठतात, गटारात पाला साठतो तसे. ऐकणारे हसतात. मला हल्ली हसू येत नाही.

महाडला एसटी स्टँडजवळ आमचं दुकान. मालक दिगंबरकाका, आणि लॅपटॉपवर मी. आमचा वैरी एकच, माउसचं चाक! यादीतून गाव निवडायचं आणि पान खाली न्यायला चाक फिरवायचं. पान जागचं हलत नाही, निवडलेलं गावच पुढे सरकतं! आधी बाजूला कोऱ्या जागेत क्लिक करायला हवं. हे कळेपर्यंत निम्मा तालुका मी इकडचा तिकडे केला होता.

आणि यंदा त्याच खुर्चीत बसून मला माझ्या सायलीचा नर्सिंगचा फॉर्म भरायचा होता. अलिबाग मिळालं तर पोरगी शनिवारी घरी येईल. घरात आम्ही दोघीच, म्हणून जीव टांगणीला.

*

कापडे खुर्दचे एक आजोबा रेशनकार्डासाठी आले. मी त्यांचं गाव निवडलं, चाक फिरवलं, झालं कापडे बुद्रुक! महिन्यानं कागद नाचवत हजर.

"बाय, ती माजी सासुरवाडी हाय! म्हातारपनी घरजावई केलास गो मला!"

*

बिरवाडीचा एक कामगार भरतीच्या परीक्षेला बसला. केंद्र निवडलं रायगड. हॉलतिकीट आलं लातूरचं, कारण यादीत रायगडच्या खाली लातूर. मी हात जोडले. त्यानं शांतपणे विचारलं, "ताई, लातूरची गाडी बिरवाडीवरनं भेटल का महाडला यायला लागल?"

तो गेला आणि मला जेवण गेलं नाही.

*

पाचाडला खानावळ चालवणाऱ्या एका मावशींचं जन्मसाल चाकानं तीन वर्षं पुढे नेलं, वय बावन्नचं एकोणपन्नास झालं. कागद परत आणला तेव्हा मी आधीच रडकुंडीला आलेली.

"ऱ्हाऊ दे गो," मावशी म्हणाल्या, "माजं काय कमी करनारी तूच पयली!"

*

शेवटी काकांनी तक्रार लिहिली. उत्तर आलं, "सिस्टीम व्यवस्थित चालू आहे. वापरणाऱ्याने काळजी घ्यावी."

काकांनी माउस बाजूला सारून टचपॅड वापरायचं ठरवलं. तिथे दोन बोटं वर नेली की पान खाली, आणि बोटं उचलली तरी पान आपलं चालूच! काका लॅपटॉपपासून हात लांब धरून ओरडले, "अगं, मी सोडलंय त्याला! मी सोडलंय!"

मग त्यांनी मोठ्या अक्षरात पाटी लावली : चाक फिरवण्याआधी बाहेर क्लिक करा. लावली कुठे? गिऱ्हाइकांच्या समोर! आता येणारा प्रत्येक जण मलाच विचारतो, "ताई, भायेर क्लिक केलात का?"

*

सायलीच्या फॉर्मच्या दिवशी मी माउसची वायर उपटली आणि माउस ड्रॉवरमध्ये टाकला. टचपॅडवर पुठ्ठा चिकटवला. नुसत्या कीबोर्डवर एकेक रकाना भरला. यादीत अलिबागला खेटून अमरावती, म्हणून तो रकाना तीनदा मोठ्यानं वाचला. अलिबाग, अलिबाग, अलिबाग.

"आई, घामाघूम झालीयेस," सायली म्हणाली. "जा, चहा पिऊन ये. सबमिट मी करते." मी गेले.

निकाल दुकानातच पाहिला. अमरावती! राज्याचं दुसरं टोक. मी गिऱ्हाइकांसमोर रडले. "चाकानं घात केला गं! सगळ्या तालुक्याचे शाप मलाच भोवले!" काका पुन्हा तक्रारीला कागद शोधू लागले.

सायलीनं ड्रॉवर उघडला, माउस काढला आणि माझ्या हातात ठेवला.

"आई," ती म्हणाली, "त्या दिवशी हा आत होता."