मी असं म्हटलंच नव्हतं

कळंबची ती बाई आमच्या आरोग्य केंद्रात पहिल्यांदा आली ती डोकं दुखतंय म्हणून. पुढच्या आठवड्यात पाठ दुखत होती, त्यानंतर छातीत धडधड. पंचेचाळिशीची असेल. सुकी मासळी विकायची, नवरा बोटीवर जायचा. रक्तदाब ठीक, साखर ठीक. मी तिथे नर्स. अशा बायकांना आम्ही आपसात ‘टेन्शनवाल्या’ म्हणायचो. टेन्शनवाली आली की ताकदीच्या गोळ्या हातावर ठेवायच्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारायची. तो शब्द मी काढलेला नव्हता, पण सगळ्यात जास्त मीच वापरायचे. तिच्यादेखतसुद्धा.

मग नव्या डॉक्टर मॅडम आल्या. त्यांनी तिला खुर्चीवर बसवलं आणि झोप कशी लागते एवढंच विचारलं. बाई वीस मिनिटं बोलत होती. पहाटे तीनला जाग येते, जेवण गिळवत नाही, बाजारात टोपली घेऊन बसावंसं वाटत नाही, सकाळी उठूच नये असं वाटतं. मी बाजूला लसीची तयारी करत उभी होते. बाहेर लेकरं घेऊन आयांची रांग लागली होती आणि मला तिचा राग येत होता, हे मला नीट आठवतं.

“मावशी, याला डिप्रेशन म्हणतात,” मॅडम म्हणाल्या. “आजार आहे. औषधानं बरा होतो.”

महिन्यातून एकदा आमच्याकडे मनोविकाराचे डॉक्टर यायचे. त्यांनी गोळ्या सुरू केल्या. दोनेक महिन्यांनी ती औषधाच्या खिडकीशी आली तेव्हा केसांत अबोलीचा वळेसर होता. खिडकीत मी होते, मॅडम त्या दिवशी रजेवर होत्या.

“सिस्टर, आता बरं वाटतंय. किती दिस घ्यायच्या या गोळ्या?”

“बरं वाटतंय ना? मग कशाला घेता?” मी म्हणाले. “सवय लागते याची. जन्मभर घेत बसाल. सकाळी समुद्रावर चालायला जा, देवाचं नाव घ्या. नवरा चांगला, पोरं कमावती. तुम्हाला कसलं आलंय डिप्रेशन?”

ती हसली. सुटल्यासारखी हसली. गोळ्या न घेताच गेली.

या आजाराचं दोन दिवसांचं प्रशिक्षण मला मिळालेलं होतं. गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत, हे तिथे नक्कीच सांगितलं असणार. मला मात्र तिथल्या जेवणात काय होतं तेवढंच आठवतं.

तीन महिने ती फिरकली नाही. बघा, बरी झाली, असं मी सोबतच्या सिस्टरला कौतुकानं सांगितलंही.

मग एका सकाळी तिची जाऊ तिला हाताला धरून घेऊन आली. केस विंचरलेले नव्हते, ओठ सुकलेले, नजर जमिनीवर. आदल्या दिवशी ती नेसल्या लुगड्यानिशी समुद्रात चालत गेली होती. किनाऱ्यावर मासळी वाळत घालणाऱ्या बायकांनी धावत जाऊन तिला ओढून आणलं.

“गोळ्या कुणी बंद केल्या?” मॅडमनी विचारलं.

“या सिस्टरनीच सांगितलं ना,” जाऊ म्हणाली आणि माझ्याकडे बोट केलं.

“मी? मी असं म्हटलंच नव्हतं. डॉक्टरांना विचारा, एवढंच म्हणाले मी.”

आवाज जरासुद्धा कापला नाही माझा. तेव्हा त्या बाईनं मान वर केली. मॅडमनी आतापर्यंत विचारलेल्या एकाही प्रश्नाला तिनं उत्तर दिलं नव्हतं.

“नाय,” ती म्हणाली, “सिस्टर नाय बोलली. मीच चुकीचं ऐकलं असन.”

मॅडमनी चिठ्ठी लिहिली. अँब्युलन्स आली, तिला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. मी मनवेलपाड्याला घरी आले, कुकर लावला, मुलीचा अभ्यास घेतला. नवऱ्यालासुद्धा काही बोलले नाही. आठ दिवस मी रोज वेळेवर कामावर गेले, सगळ्यांशी नेहमीसारखी बोलले. नवव्या दिवशी मॅडमच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि सांगून टाकलं.

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. “मग हे मला का सांगताय? तिला सांगा,” एवढंच म्हणाल्या.

ती घरी परतल्याचं कळलं तेव्हा मी कळंबला गेले. अंगणात बसून ती जवळा निवडत होती. हात सावकाश चालत होते. मी समोर उकिडवी बसले.

“मावशी, मी त्या दिवशी खोटं बोलले.”

“ठाव हाय मला.”

“मग माझी बाजू का घेतलीत?”

तिनं जवळ्यातला कचरा वेचून बाजूला टाकला. “तुमची नाय घेतली. गोळ्या तुमच्याच खिडकीवर मिळतात. तुम्ही डूख धरला असता, तर मी कुठं गेली असती?”

तिनं मला माफ केलं असेल, असं वाटून मी गेले होते. ती मला घाबरली होती. तशा अवस्थेतही, ज्या बाईमुळे हे झालं, तिलाच सांभाळून घ्यावं लागेल हे तिला कळत होतं.

“पानी देऊ?” तिनं विचारलं. मी नको म्हणाले. माफ करा म्हणायचं ठरवून आले होते. ते म्हणाले, पण उठता उठता, चप्पल घालताना. तिनं ऐकलं की नाही, माहीत नाही.

आता ती नियमित येते. डॉक्टर म्हणतात, चांगली सुधारणा आहे. बाजारातही बसायला लागली आहे. मात्र खिडकीत मी असले, की ती बाकावर बसून राहते. दुसरी सिस्टर आली की उठते.