सोमवारची प्रार्थना

कारखान्यात प्रार्थनेची पेटी ठेवायची कल्पना माझीच, त्यामुळे दोष दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय नाही. मी नगरचा, मराठी ख्रिस्ती घरातला. चेन्नईत नोकरीला आलो आणि पुढे शहराच्या कडेला अंबत्तूरला गाड्यांच्या वायरिंगचा छोटा कारखाना काढला. कामाला बहुतेक बायका, त्याही कंत्राटावर, दर सहा महिन्यांनी नवी सही. रविवारी प्रभू आणि सोमवारपासून धंदा, ही वाटणी मला कधी पटली नाही. म्हणून सोमवारी शिफ्टच्या आधी दहा मिनिटं प्रार्थना. सक्ती नाही. ज्याचं जे दुखणं असेल ते चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायचं, मी नाव घेऊन देवाजवळ मागणार. बायका बहुतेक हिंदू. माझ्या मोडक्या तमिळला हसायच्या, पण चिठ्ठ्या टाकायच्या.

मला तमिळ वाचता येत नाही. आमच्याच चर्चच्या मंडळीतला एक सज्जन गृहस्थ एचआर मॅनेजर होता. तो शनिवारी चिठ्ठ्या काढून मला इंग्रजीत यादी करून द्यायचा.

एकदा टेपिंगच्या, म्हणजे वायरींना टेप गुंडाळायच्या लाइनवरच्या चाळिशीच्या बाईनं लिहिलं, छातीत गाठ लागतेय, तपासणी व्हायचीय. त्या सोमवारी सगळ्यांसमोर तिचं नाव घेताना माझा गळा दाटून आला. खरं सांगायचं तर तो दाटून आला याचं मला जरा कौतुकही वाटलं. पुढे ती दिसेनाशी झाली. उपचार चालू असतील असं मी धरून चाललो.

मग यादी बदलत गेली. कुणाच्या मुलाची परीक्षा, कुणाच्या मुलीचं लग्न, पाऊस पडू दे. दुखणं कुणालाच नाही. देव ऐकतोय, असं मी बायकोला जेवताना सांगितलंसुद्धा.

एका सोमवारी मी विचारलं, टेपिंगवाल्या बाई कशा आहेत? सगळ्यांनी एकदा मॅनेजरकडे पाहिलं आणि माना खाली घातल्या. नंतर लाइनची सुपरवायझर माझ्या केबिनमध्ये आली आणि दार लावून उभी राहिली. त्या बाईचं कंत्राट पुढे वाढवलं नव्हतं. फिट येणाऱ्या मुलीचंही नाही, शुगरवाल्या आजींचंही नाही.

"आजार लिहिला की सही होत नाही, सार. आता कुणी खरं लिहीत नाही."

मॅनेजरला बोलावलं तेव्हा आवाज चढला होता, पण तो घाबरला नाही. त्यालाच माझं आश्चर्य वाटलं. "सर, यादी तुम्हालाच देत होतो. नावं तुम्हीच घेत होता. कंत्राटाच्या कागदांवर सहीही तुमचीच. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे." त्या कागदांवर मी न वाचता सह्या ठोकल्या होत्या. मला त्याची चीड आली आणि त्याहून जास्त माझी शिसारी आली.

सुपरवायझरकडून पत्ता घेऊन त्याच दुपारी जवळच्या पाडी भागात बाईंच्या घरी गेलो. त्यांनी प्लास्टिकची खुर्ची पुढे केली, पाणी दिलं. गाठ काढली होती, औषधं चालू होती. मी म्हणालो, परत या, कायम करतो, उपचार कंपनी करेल. माफीही मागितली. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. आता त्या शर्ट शिवण्याच्या कारखान्यात जात होत्या आणि तिथून हलायचं त्यांच्या मनात नव्हतं.

तिथं आजाराचं सांगितलंय का, सुट्ट्या लागतील, असं मी विचारलं.

"नाही सार. तिथं मी ठणठणीत आहे." मग दाराबाहेर एकदा बघून त्या हळूच म्हणाल्या, "एक करा. सोमवारी माझं नाव घेऊ नका. तिथल्या दोघींच्या बहिणी तुमच्याकडे कामाला आहेत."